विज्ञान केंद्रात लोकांसाठी कार्यक्रम घडवण्याचे करिअर कसे करावे

विज्ञान केंद्रातील मांडणी तयार करणे हे एक काम आणि ती मांडणी व समोर आलेला माणूस यांची गाठ घालून देणे हे दुसरे. सायन्स शो, कार्यशाळा, आकाशदर्शन, सुट्टीतील शिबिरे, शिक्षकांची प्रशिक्षणे, गावोगाव फिरणारे प्रदर्शन हे सारे या दुसऱ्या कामात येते आणि हा लेख त्याविषयीच आहे. या वाटेने येऊ पाहणाऱ्या तरुणांना एक सल्ला हमखास दिला जातो की, बोलणे चांगले असेल तर हे काम जमते. माझ्या मते या सल्ल्याने जितके नुकसान केले आहे तितके दुसऱ्या कशानेही केलेले नाही.

शिक्षण आणि जागा

विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी गृहीत धरतो. देशातील अनेक सरकारी विज्ञान केंद्रे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या अखत्यारीत आहेत. ही परिषद १९७८ साली स्थापन झाली. ती केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाखाली असून तिचे मुख्यालय कोलकात्याला आहे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचे रामन विज्ञान केंद्र आणि पणजीचे गोवा विज्ञान केंद्र ही तिचीच केंद्रे होत. शिक्षण सहायक, क्युरेटर अशा पदांच्या जाहिराती परिषदेच्या व केंद्रांच्या संकेतस्थळांवर येतात आणि पात्रता व वयोमर्यादा तेथेच पाहावी. जागा थोड्या निघतात, म्हणून केवळ त्यांची वाट पाहत बसू नये. कंत्राटी मार्गदर्शक, शिबिरातील सहायक, स्वयंसेवक यांपैकी मिळेल त्या दाराने आत यावे. पुण्यात आयुका या खगोलविज्ञानाच्या संशोधन संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि मुंबईत १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद येथील उपक्रम जवळून पाहिले, तरी पुष्कळ शिकायला मिळते.

दालनात उभे राहणे

पहिले काही महिने दालनातच काढावेत. लोक कोणत्या मांडणीपाशी थांबतात, बटण दाबून लगेच पुढे कोण जाते, मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वडीलच कसे देऊन टाकतात, हे पाहावे आणि रोज लिहून ठेवावे.

स्वतःचा वीस मिनिटांचा कार्यक्रम

करिअर घडते ते या टप्प्यावर आणि बहुतेकजण अडकतात तेही येथेच. मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

नवा माणूस कार्यक्रम रचायला बसला की आधी धमाका शोधतो. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनचे ढग, स्थिर वीज निर्माण करणाऱ्या व्हॅन डी ग्राफ यंत्राने उभे राहिलेले केस, एखादा मोठा आवाज, की टाळ्या हमखास मिळतात. हे प्रयोग वाईट नाहीत. परंतु त्यांपासून सुरुवात करू नये, कारण टाळ्या वाजल्या की आपले काम झाले असा समज पक्का होतो आणि तो पुढे वर्षानुवर्षे निघत नाही. पहिला कार्यक्रम ताटली, पाणी, मेणबत्ती आणि काचेचा पेला एवढ्याच सामानावर करावा, असा माझा आग्रह आहे.

हा प्रयोग सर्वांनी शाळेत पाहिलेला असतो. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून वर पेला उपडा घातला की ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो म्हणून पाणी पाचव्या हिश्शापर्यंत चढते, असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. चूक प्रेक्षकांना सांगून टाकली, तर कार्यक्रम दोन मिनिटांत संपतो. ती त्यांनी स्वतः पकडावी अशी रचना केली, तर वीस मिनिटे पुरत नाहीत.

रचना अशी करावी. प्रथम सर्वांसमोर प्रयोग करावा आणि पाणी का चढले असे विचारावे. ऑक्सिजनचे उत्तर येईलच. त्याला शाब्बास म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू देऊ नये, कारण निवेदकाने एका उत्तरावर पसंतीची मोहर उमटवली की बाकीच्यांचा विचार त्याच क्षणी थांबतो. मग तोच पेला घेऊन विचारावे की, एका मेणबत्तीऐवजी तीन ठेवल्या तर पाणी तेवढेच चढेल, कमी चढेल की जास्त? प्रत्येकाला हात वर करायला लावावे. हात वर केलेला माणूस त्या उत्तराला बांधला जातो आणि पुढे काय होते याची त्याला खरी उत्सुकता वाटू लागते. त्यानंतरच मेणबत्त्या पेटवाव्यात.

पाणी स्पष्टपणे जास्त चढते. पेला तोच, म्हणजे त्यातला ऑक्सिजनही तेवढाच. तरीही पाणी वर का गेले? येथे निवेदकाने गप्प राहायचे असते आणि हीच या कामातील सर्वांत अवघड गोष्ट आहे. ती शांतता भरून काढण्यासाठी चांगले बोलणारा माणूस बोलू लागतो आणि कार्यक्रम त्याचा स्वतःचा होऊन बसतो. थांबावे. कोणीतरी पुन्हा करा असे म्हणते. त्या वेळी पाणी नेमके कधी चढते तेवढे पाहा, इतकेच सांगावे. मग लक्षात येते की ज्योत तेवत असताना पाणी फारसे हलत नाही, ती विझू लागली की झपाट्याने वर येते. एखाद्याला पेल्याच्या कडेने सुटलेले बुडबुडेही दिसतात. तापलेली हवा प्रसरण पावली होती, ती थंड होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले गेले, इथपर्यंत प्रेक्षक बहुतांशी आपणच येतात. दाब हा शब्द त्यांच्या तोंडून आल्यावरच आपण वापरावा.

प्रश्न दोन भाषांत एका दमात विचारता येईल इतका लहान ठेवावा, कारण वरळीसारख्या ठिकाणी एकाच बाकावर मराठी आणि हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी बसलेली असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मेणबत्त्या वाढवताना पेलाही बदलला, तर सारा तर्क कोसळतो. ओढणी, मोकळे केस आणि पुढे झुकणारी मुले यांपासून ज्योत दूर राहील याची काळजी घ्यावी. मुलांना मजा आली पाहिजे, हे मला मान्य आहे. परंतु स्वतःचा अंदाज चुकल्यावर मूल ज्या नजरेने ताटलीकडे पाहते, ती मजा मला सर्वांत मोलाची वाटते आणि ती धमाक्याने मिळत नाही.

वर्षाचे नियोजन

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी गर्दी आपोआप होते. त्या दिवशी नवा कार्यक्रम प्रथमच करू नये. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते तो दिवस, हाताशी ठेवावा. मुंबईत तो मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस येतो. जुलैत बहुधा आभाळ भरलेले असते आणि मेमध्ये शाळांना सुट्टी असते, म्हणून मेचा कार्यक्रम कुटुंबांसाठी आखावा. सूर्य माथ्यावर बाराला येत नाही, साडेबारा उलटून गेल्यावर येतो, यावरच अर्धा तास चांगली चर्चा होते.

शिक्षक

शिक्षकांच्या कार्यशाळा टाळू नयेत. एक शिक्षक तोच प्रयोग वर्षानुवर्षे नव्या मुलांसमोर करतो.

मुलाखत

प्रमाणपत्रांच्या जाड फायलीपेक्षा आपल्या एका कार्यक्रमाचा दोन पानी आराखडा सोबत न्यावा. त्यात विचारायचे प्रश्न, लागणारे सामान, खर्च, धोके आणि कार्यक्रम झाल्यावर केलेले बदल असावेत. करून दाखवा असे म्हटले तर दाखवता यावे, म्हणून पिशवीत ताटली, पेला आणि मेणबत्त्या ठेवाव्यात. मुलाखत घेणाऱ्यांनाही आधी हात वर करायला लावावे.