आमवातात वजनकाट्यावर विसंबू नका : या चुका टाळा

वजन तेवढंच आहे, तरी पाटावरून उठताना टोंगळे (गुडघे) साथ देत नाहीत. बरणीचं झाकण उघडत नाही आणि कंबर मात्र वाढली आहे. आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) असलेल्या अनेकांची ही तक्रार घरात ‘वय झालं’ म्हणून उडवून लावली जाते. ते चूक आहे. सांधे सुजवणारी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ यांसारखी रसायनं स्नायूंमधली प्रथिनंही मोडतात. दुखण्यामुळे हालचाल घटते आणि पोटावर चरबी साठते. दोन किलो स्नायू गेला आणि दोन किलो चरबी आली, तर काट्याला काहीच कळत नाही.

फक्त वजन बघणं

कंबर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर लक्ष द्यायची वेळ आली. दुसरी तपासणी ताकदीची. हाताची घडी छातीशी ठेवून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर आशियाई निकषांनुसार (२०१९) स्नायूंची कार्यक्षमता घटलेली असू शकते. टोंगळे सुजलेले असताना ही चाचणी करू नका, तेव्हा ती दुखणंच मोजते.

डाळ बंद करणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. ‘डाळ वातूळ असते’, ‘युरिक ॲसिड वाढेल’ असं शेजारीपाजारी सांगतात आणि ताटातलं वरण जातं, पाठोपाठ दहीही जातं. युरिक ॲसिडचा आजार म्हणजे गाऊट. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. हे दोन वेगळे आजार आहेत, एकाचं पथ्य दुसऱ्याला लावू नका. शाकाहारी घरात डाळ गेली की प्रथिनांचा मोठा आधारच जातो.

साधारण दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम लागतात. पातळ वरणाच्या वाटीतून त्यातले थोडेच मिळतात, म्हणून वरण घट्ट करा. अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात, ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीतून जवळपास २५. तर्री-पोहे खायचेच असतील, तर तेलाचा तवंग बाजूला सारून चणे जास्त मागा. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, तेव्हा सोबत दही, दूध, शेंगदाणे असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वजन उतरवायला एकदम जेवण तोडणंही असंच अंगावर येतं. काटा खाली येतो, पण त्यात स्नायूही जातो. दोन महिन्यांनी कंबर कमी झाली आणि उठण्या-बसण्याचा वेळ मात्र वाढला असेल, तर खाणं फार तोडलं आहे असं समजा.

पूर्ण आराम, किंवा फक्त चालणं

सूज भडकली असताना त्या सांध्याला विश्रांती हवीच. तेव्हाही टोंगळ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मांडी पाच सेकंद आवळून सोडता येते. सूज ओसरली की आठवड्यातून दोनदा तरी खुर्चीतून उठणं, रबरी पट्टा ओढणं असे जोर लावणारे व्यायाम करा. नागपुरात अंबाझरी तलावावरची सकाळची फेरी हृदयासाठी चांगली आहे, पण तेवढ्याने गेलेली ताकद परत येत नाही. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, तेव्हा व्यायाम घरातच करा, बंद करू नका. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं, तर पुढच्या वेळी जोर कमी करा.

औषधांशी मनमानी

लेबल नसलेल्या ‘वाताच्या पुड्यां’मध्ये लपवलेलं स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. बरं वाटतं, पण दीर्घकाळात स्नायू आणि हाडं झिजतात, चरबी वाढते. मात्र बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना खरं सांगा, ते मात्रा हळूहळू उतरवतील. मेथोट्रेक्झेट हे आमवाताचं औषध दिलं असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. आजार आटोक्यात नसेल, तर नुसत्या खाण्या-व्यायामाने स्नायू टिकणं कठीण असतं.

सगळा अशक्तपणा स्नायूंचा समजणं

प्रयत्न न करता वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्या. मान दुखून हातांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांनाही पकडतो आणि तिथे मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.