जुन्या चेनसॉला नवा बार बसवताना या चुका टाळा

जुन्या चेनसॉला मी बसवलेला पहिला नवा बार, म्हणजे जिच्या कडेवरून चेन फिरते ती लांब पट्टी, वीस मिनिटांत जळाला. बसवताना कुठेही अडलं नव्हतं. दोन्ही स्टडवर (मशीनमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या खुंटांवर) तो अलगद गेला, कव्हर लागलं, नट आवळले, तिसऱ्या दोरीला इंजिन चालू झालं. चार ओंडके कापले आणि बारच्या टोकातून धूर यायला लागला. मधे एकदा थांबून मी तेलाची टाकी पाहिली होती, ती काठोकाठ भरलेली होती. मशीन तेल किती कमी पितं म्हणून मी चक्क खूश झालो होतो! बार काढला तर खालची कड निळी पडलेली आणि बारचं तेलाचं भोक मशीनच्या तेलाच्या तोंडापासून बोटाच्या नखाएवढं खाली. तेल बारमध्ये एक थेंबही गेलं नव्हतं.

बार स्टडवर गेला म्हणजे बसला, असं समजणं हीच मूळ चूक. बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातल्या. बारच्या मागच्या टोकाला, शेपटाला म्हणा, मशीनशी चार ठिकाणी जमवून घ्यावं लागतं: स्टड, तेलाचं तोंड, चेन ताणायची पिन आणि स्प्रॉकेटची, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाची, रेघ. चारांपैकी तीन जमली तरी बार वायाच जातो. आणि काहीही हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. जुन्या मशीनचा बंद करायचा स्विच भरवशाचा असतोच असं नाही.

फक्त लांबी सांगून बार आणणं

बारवर जे १६ किंवा २० इंच लिहिलेलं असतं, ती कापायची लांबी असते, म्हणजे मशीनच्या अंगापासून बारच्या टोकापर्यंत. आतलं शेपूट त्यात मोजत नाहीत. जुना बार काढून टेपने टोकापासून टोकापर्यंत मोजला तर आकडा मोठा येतो आणि बार लांबच आणला जातो. पण लांबी चुकली तर निदान दिसते तरी. शेपटाची खाच, म्हणजे स्टड जिच्यात बसतात ती चीर, चुकली तर दिसतसुद्धा नाही.

खाचेची रुंदी व्हर्नियरने मोजा. स्टिल (Stihl) कंपनीच्या मोठ्या मशीनच्या बारची खाच साधारण १२ मि.मी. असते, हुस्कवार्ना कंपनीच्या मोठ्या मशीनची ९ मि.मी.च्या जवळपास. आता स्टड ८-९ मि.मी.चा आणि खाच १२ ची असेल तर बार अगदी सहज आत जातो, आणि फसगत होते ती याच सहजतेमुळे. नट कितीही आवळले तरी काम करताना बारचं टोक खाली-वर होतं, चेन दर दहा मिनिटांनी सैल पडते आणि माणूस दोष चेनला देत बसतो. स्टड मोजताना आट्यांवर मोजू नका. बार जिथे टेकतो तो स्टडचा बुंधा बऱ्याचदा आट्यांपेक्षा जाड असतो.

योग्य बार मिळतच नसेल तर मोठ्या खाचेत बुश, म्हणजे स्टडवर बसणारं पोकळ कडं, घालून काम भागतं. फक्त बुश बारच्या जाडीपेक्षा केसभर कमी हवा. जास्त झाला तर नट बुशवर आवळला जातो, बार मोकळाच राहतो आणि बाहेरून सगळं घट्ट दिसतं. बुश स्टीलचा किंवा पितळेचा घ्या, प्लास्टिकचा नको.

तेलाचं भोक

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आधी बार न लावता मशीनचं तेल येतं का ते बघा. हाताने दाबायचा पंप असेल तर अंगठ्याने पाच-सहा वेळा दाबा, तोंडातून तेल फुगून बाहेर आलं पाहिजे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये तेलाचा डिंक झालेला असतो. टाकी आणि नळी रॉकेलने धुऊन घेतली की बरेचदा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पंपच मेलेला असताना बारला भोकं पाडत बसण्यात अर्थ नाही.

तेल येत असेल तर पुढची तपासणी. मशीनच्या तेलाच्या तोंडाभोवती थोडं ग्रीस लावा, बार जागेवर ठेवून दाबा आणि सरळ उचलून घ्या. बारवर गोल ठसा उमटतो. बारचं भोक त्या ठशात पडतंय का पाहा. हे दोनदा करायचं: एकदा बार पूर्ण मागे ढकलून आणि एकदा पुढे ओढून. चेन वापरून लांबते तसा बार पुढे सरकत जातो. आज जमलेलं भोक चार दिवसांनी तोंडावरून निसटलं तर पुन्हा कोरडाच बार.

ठसा आणि भोक यांत थोडंच अंतर असेल तर नवं भोक पाडायची गरज नाही. छोट्या ग्राइंडरने बारच्या अंगावर ठशापासून भोकापर्यंत उथळ चर काढा, तेल चरातून वाट काढतं. चर बारच्या कडेपर्यंत मात्र नेऊ नका, नाहीतर तेल बारमध्ये न जाता मशीनखाली सांडेल.

अंतर जास्त असेल तर ड्रिल. बारचं पोलाद कडक असतं. घरातला साधा बिट त्यावर किंचाळतो, लाल होतो आणि बोथट होऊन गप्प बसतो. कोबाल्ट किंवा कार्बाइडचा बिट, कमी वेग, थेंब थेंब तेल आणि बार घट्ट शिकंज्यात. भोक बारच्या अंगातून, चेन जिच्यात फिरते त्या कडेच्या खाचेच्या तळाशी उघडलं पाहिजे. जरा खाली पडलं तर ते आंधळं भोक, जरा वर पडलं तर चेन चालते ती कड कमजोर. म्हणून आधी खाचेची खोली मोजून बाहेरून रेघ मारून घ्या. पत्रे जोडून केलेल्या, म्हणजे लॅमिनेटेड बारमध्ये हे जास्तच सांभाळा, तिथे चुकलेल्या भोकातून तेल पत्र्यांच्या फटीत शिरतं. भोक झालं की आत आलेली धारदार बर बारीक कानशीने काढून टाका, नाहीतर चेनच्या पाकळ्या, म्हणजे खाचेत फिरणारे खालचे दुवे, तिच्यावर घासत जातात.

अजून एक गोष्ट, जी मी स्वतः दोनदा विसरलो आहे. बऱ्याच जुन्या मशीनना बारच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक पातळ पत्रा असतो. जुना बार काढताना तो तेलकट बारला चिकटून निघतो आणि भंगारात जातो. आतला पत्रा नसेल तर तेल बारच्या मागून गळतं आणि बार स्प्रॉकेटच्या रेषेतून पत्र्याच्या जाडीएवढा हलतो. जुना बार फेकण्याआधी त्याच्या दोन्ही बाजू नखाने खरवडून बघा.

जुनी चेन नव्या बारवर

चेन, बार आणि स्प्रॉकेट या तिघांचं माप एक हवं. पिच मोजायची रीत सोपी आहे: लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्या, दोनने भागा. तीन रिव्हेटांत १६.५ मि.मी. भरलं तर पिच ०.३२५ इंच, १९ च्या आसपास भरलं तर ३/८, २०.५ भरलं तर ०.४०४. फार जुन्या मशीनवर ७/१६ किंवा १/२ इंचाचं पिचसुद्धा सापडतं. जोसेफ कॉक्स यांनी १९४७ मध्ये आजच्या पद्धतीची, वळलेल्या दाताची चेन बाजारात आणली; त्याआधीच्या चेन साध्या करवतीच्या दातांसारख्या लाकूड ओरखडून काढायच्या. त्या काळातल्या मापाची चेन मिळवण्यात जीव काढण्यापेक्षा स्प्रॉकेट बदलून ३/८ किंवा ०.४०४ वर यावं, हे माझं मत. मशीन काचेच्या कपाटात ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

लो प्रोफाइल, म्हणजे बुटकी, ३/८ चेन आणि साधी ३/८ यांचा घोळ नेहमीचा. नाव सारखं, पण एकीचा स्प्रॉकेट दुसरीला नीट धरत नाही. बारच्या टोकाला फिरती चकती असेल तर तिचं पिचही चेनशी जुळलं पाहिजे, हे तर हमखास विसरलं जातं.

गेज म्हणजे चेनच्या खालच्या पाकळीची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मि.मी. १.३ ची चेन १.६ च्या खाचेत घातली तर ती आत कलते आणि काप धनुष्यासारखा वाकडा जातो. उलट केलं तर चेन अडकते. अशा वेळी हातोडीने ठोकून बसवणारे मी पाहिले आहेत. खाच कानशीने रुंद करणारेही पाहिले. दोघांचेही बार टिकले नाहीत.

जाडी जुळली तरी खाचेची खोली पाहायची राहते. चेन बारवर ठेवा आणि उजेडासमोर धरा. चेनचे बाजूचे दुवे बारच्या कडांवर टेकलेले दिसले पाहिजेत. खालून उजेडाची बारीक रेघ दिसली तर पाकळीचं टोक खाचेच्या तळाला टेकलंय. हा बार त्या चेनचा नाही.

आणि पाकळ्यांची संख्या मोजूनच चेन घ्या. लांबी तीच असली तरी बारचं शेपूट वेगळं असेल तर जुन्या चेनचा आकडा नव्या बारला लागू पडेलच असं नाही.

पिन न बघता नट आवळणं

ताणायच्या स्क्रूवरची छोटी पिन बारच्या भोकात गेली नाही, तर ती बारच्या अंगावर दबते आणि कव्हर किंचित तिरकं बसतं. नटाला थोडा विरोध जाणवतो, आपण पाना आणखी फिरवतो. मग पिन वाकते किंवा कव्हर तडकतं. जुन्या मशीनचं अंग बहुधा मॅग्नेशियम मिश्रधातूचं असतं. त्यातल्या आट्या एकदा गेल्या की स्टड उपटून येतो आणि बारपेक्षा मोठं काम निघतं. कव्हर बोटांनी दाबून सपाट बसत नसेल तर पान्याला हात लावू नका.

आधी नट बोटांनी लावा. बारचं टोक वर उचलून धरा, तसंच धरून चेन ताणा आणि टोक न सोडता नट आवळा. टोक सोडून आवळलं तर पहिल्या ओंडक्यातच चेन लोंबते. टोकाला चकती असेल तर चेन खालून बारला टेकलेली पण हाताने सहज फिरणारी हवी. टोक भरीव असेल तर किंचित सैल ठेवा.

मग मागून एक डोळा मिटून बघा: स्प्रॉकेट आणि बारची खाच एका रेषेत आहेत का? स्प्रॉकेटवर अर्धा मि.मी. खोल खळगे पडले असतील तर तोही आत्ताच बदला. झिजलेला स्प्रॉकेट नव्या चेनच्या पाकळ्या खातो आणि त्या पाकळ्या नव्या बारची खाच.

हौसेचा लांब बार

जुन्या मशीनला मोठा बार शोभून दिसतो, हे खरं. पण इंजिनात तेवढा दम नसेल तर ते कापात गुदमरतं आणि पंपाचं तेल टोकापर्यंत पुरत नाही. त्यात १९७० च्या आधीच्या मशीनला चेन ब्रेक नसतो. टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की बार उसळून अंगावर येतो, आणि मधे थांबवायला काहीच नसतं. मूळ लांबी ठेवा.

सगळं जमलं की बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून इंजिन जरा चढवा. हाताचा पंप असेल तर सोबत तोही दाबा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर लाकडाला लावू नका, परत तेलाच्या भोकाकडे जा. पहिल्या अर्ध्या तासात दोन-तीनदा थांबून चेन तपासा. गरम असताना ताणलेली चेन काम संपल्यावर सैल करा, कारण थंड झाली की ती आकसते आणि सगळा ताण शाफ्टच्या बेअरिंगवर येतो.

बारवरचं नाव उलटं दिसतंय म्हणून घाबरू नका. दोन्ही कडा सारख्या झिजाव्यात म्हणून बार अधूनमधून उलटवायचाच असतो. फक्त नवं भोक तुम्ही एकाच कडेजवळ पाडलं असेल, तर उलटवण्याआधी दुसऱ्या कडेजवळही पाडून घ्या.