ब्लॉग टिकवायचाय? आधी घरी लिहा, मग चौकात सांगा

२५ सप्टेंबर २०१९ची रात्र पुणेकरांना वेगळी सांगायला नको, आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, सहकारनगरच्या सोसायट्यांत घुसलं होतं. मी तेव्हा त्याच भागात राहायचो, सकाळी चिखलात उभं राहून मोबाइलवर हे एवढं लांबलचक लिहिलं आणि दिलं टाकून सोशल मीडियावर, लोकांनी शेअरही केलं. यंदा भाचीला प्रोजेक्टसाठी ते पाहिजे होतं तर सापडेचना, स्क्रोल करकरून अंगठा दुखला. आणि त्याच वर्षी ब्लॉगवर टाकलेलं मेतकुटाचं प्रमाण मात्र दोन मिनिटांत हजर!

तर आधी ब्लॉगवर लिहायचं, मग बाकीकडे सांगत सुटायचं. ब्लॉग चालवायला ब्लॉगर ही गूगलची सेवा घ्या नाहीतर वर्डप्रेस, दोन्हीकडे फुकटात सुरू करता येतं, थीम निवडण्यात पंधरा दिवस घालवू नका (मी घालवलेत).

विषय कुठला? ज्यावर सगळं गाव आज भांडतंय तो सोडून कुठलाही. पाच वर्षांनी तुम्हाला स्वतःला शोधावंसं वाटेल ते लिहा, आजीच्या गोडा मसाल्याचं माप, वाड्याचं घर सोडलं तो दिवस, असलं. तारीख आणि जागा मजकुरातच लिहा, "काल आमच्याकडे" हे नंतर काहीच कळत नाही.

आता लिंक, इथे मराठीवाले हमखास फसतात. वर्डप्रेसमधे मराठी शीर्षक दिलं की लिंकपण देवनागरीत होते, आणि ती कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हांची माळ उमटते, कारण प्रत्येक अक्षराची, अगदी काना-मात्रेचीसुद्धा, नऊ-नऊ चिन्हं होतात. 'आंबिल ओढा' एवढ्याच दोन शब्दांची ७०च्या वर! असली लिंक बघून काकालोक व्हायरस समजतात. ब्लॉगर उलट मराठी अक्षरं गाळून टाकतं, मग लिंकवरून पोस्ट कशावर आहे ते समजतच नाही. म्हणून पब्लिश करायच्या आधी पर्मालिंकच्या (म्हणजे पोस्टच्या कायमच्या पत्त्याच्या) खान्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः टाइप करा.

आणि जुन्या डीटीपी (छपाईच्या कामाच्या) फॉन्टमधला मजकूर तसाच पेस्ट करू नका, युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या मोबाइल-कंप्युटरवर चालणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर नुसता कचरा दिसतो.

वाचक आता बोलवावे लागतात. आवडीच्या ब्लॉगांच्या नव्या पोस्टी एकाच जागी दाखवणारं गूगल रीडर होतं तेव्हा नवी पोस्ट आपोआप पोचायची, ते २०१३ला बंद झालं. मी पहिल्या चार ओळी स्टेटसला टाकतो, खाली लिंक, बस. नुसती लिंक टाकली तर कोण उघडणार? प्रतिक्रिया व्हॉट्सॲपवरच येतात, एखादी चांगली असेल तर विचारून पोस्टच्या खाली चिकटवतो.

बॅकअप मात्र घ्याच, ब्लॉगरच्या सेटिंगमधे आहे, वर्डप्रेसमधे टूल्सखाली एक्सपोर्ट म्हणून. मी खंडेनवमीला घेतो, लॅपटॉपला झेंडू वाहायचा, फाइल पेनड्राइव्हवर टाकायची आणि तो पेनड्राइव्ह आईच्या कपाटात.