शोकेसमधली जुनी चिनी माती विकायची असेल तर

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातले वाडे एकेक करून पडतायत. प्रत्येक वाडा रिकामा करताना एक प्रश्न हमखास येतो: या चिनी मातीच्या भांड्यांचं करायचं काय? तांब्या-पितळेला मोडीचा भाव मिळतो, सागवानी कपाटाला सुतारही गिऱ्हाईक आणून देतो. चिनी मातीला मोड नाही. तिची किंमत ओळखणाऱ्याच्या नजरेत असते, आणि आपण न ओळखताच विकायला काढली तर ती सगळी घेणाऱ्याच्या खिशात जाते.

संस्थानी नोकरीतल्या मराठी घरांत ही भांडी आली ती बहुतेक साहेबी चहापानासाठी. सोवळ्यात चिनी माती चालत नसे, म्हणून कपबश्या स्वयंपाकघरात न जाता बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात राहिल्या आणि पाहुण्यांपुरत्याच बाहेर निघाल्या. त्यामुळेच सोनेरी काठ अजून शाबूत असलेले सेट आपल्याकडे निघतात. विकताना हा मोठाच फायदा.

तोटाही आत्ताच सांगते. पूर्ण डिनर सेटला आज गिऱ्हाईक कमी आहे, इथेच नाही, इंग्लंडातसुद्धा. सोनेरी काठाची प्लेट मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, डिशवॉशरमध्ये तिचं सोनं उडतं आणि दोन खोल्यांच्या घरात ती ठेवायला जागा नसते. आजोबांनी विलायतेहून आणलेल्या सेटला मॉलमधल्या नव्या सेटपेक्षा कमी पैसे मिळू शकतात. उलट माळ्यावरच्या लोणच्याच्या मोठ्या बरण्या, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्या सजावटीसाठी पटकन उचलल्या जातात.

पहिलं काम घरातलं

भांडी आजी-आजोबांची असतील तर ती एकट्याची नसतात. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांचा त्यात हिस्सा असतो, लग्न होऊन गेलेल्या मुलींचाही. पुण्याला दिलेल्या आत्याला फोन करा, सगळ्या वस्तूंचे फोटो घरच्या ग्रुपवर टाका, कुणाला काय आठवण म्हणून हवंय ते विचारा. मग काय विकायचं, पैसे कसे वाटायचे हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. हे अवघडल्यासारखं वाटतं खरं. पण सेट विकून झाल्यावर "ती साखरदाणी मला हवी होती रे" असं आत्या म्हणाली, तर ती परत मिळत नाही.

धुताना घाई नको

धूळ बसलेली वस्तू बघून हात शिवशिवतात. राख, लिंबू, तारेची घासणी, ब्लीच यातलं काहीही लावू नका. वरचं सोनं आणि काही रंग झिलईच्या वर चढवलेले असतात, ते एका घासण्यात जातात. प्लास्टिकच्या टबात तळाशी जुना टॉवेल घालावा, कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि एकावेळी एकच वस्तू मऊ फडक्यानं धुवावी. बेसिनच्या नळाखाली धरू नये, नळाच्या तोटीला लागून टवका उडतो.

सांधलेली वस्तू मात्र भिजवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. जुना डिंक किंवा सरस पाण्यात सुटतो. काही थाळ्यांच्या पाठीवर पितळेचे किंवा लोखंडाचे बारीक टाके दिसतील, स्टेपलरच्या पिनांसारखे. इपॉक्सीसारखा पक्का गोंद येण्याआधी फुटलेली चिनी माती अशीच शिवत: दोन्ही बाजूंना आरपार न जाणारी छिद्रं पाडून त्यात तार बसवत. हे टाके काढू नका. किंमत तुटल्यामुळे उतरलेलीच असते, पण काही संग्राहकांना टाक्यांचीच वस्तू हवी असते. आणि नव्यानं निघालेला टवका फेविक्विकनं चिकटवून ठेवणं म्हणजे पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याचं काम दुप्पट करणं. तुकडा कागदात गुंडाळून सोबत ठेवा, पुरे.

आता भांडं उलटं करा

किंमत ठरते ती बुडावरच्या छापावरून, म्हणून या कामाला एक अख्खी दुपार द्या. भिंग, टॉर्च आणि वही घेऊन बसा. प्रत्येक वस्तूचा छाप जसा आहे तसा उतरवा: अक्षरं, चित्र, आकडे, रंग. फोटो काढाच, पण उतरवतानाच बारकावे दिसतात.

देशाचं नाव आहे का ते आधी बघा. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर उत्पादक देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, आणि त्या काळापासून बऱ्याच कारखान्यांनी सगळ्याच मालावर ते घालायला सुरुवात केली. नुसतं 'इंग्लंड' असेल तर वस्तू साधारण १८९१ नंतरची धरावी. 'मेड इन इंग्लंड' असेल तर ती बहुधा विसाव्या शतकातली. नावच नसेल तर त्याआधीची असू शकते, पण खात्री नाही, कारण छाप न मारलेला स्वस्त मालही भरपूर होता. जपानी मालावर 'निप्पॉन' असेल तर तो १८९१ ते १९२१ मधला, त्यानंतर 'जपान' लिहू लागले. 'ऑक्युपाइड जपान' दिसलं तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताबा असतानाचं, म्हणजे १९५२ च्या आधीचं.

इंग्रजी भांड्यांवर चौकोनी पतंगासारखी आकृती आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं असतील तर ती १८४२ ते १८८३ मधली नक्षीची नोंदणी आहे. १८८४ पासून त्याऐवजी सरळ नोंदणी क्रमांक येऊ लागले. या दोन्हींतून नक्षी कधी नोंदवली ते कळतं, ते भांडं कधी बनलं ते नाही. एकच नक्षी पुढे कित्येक वर्षं छापली जात असे.

दोन निळ्या तलवारी एकमेकींना छेदणारा छाप म्हणजे जर्मनीतलं माइसेन. हा कारखाना १७१० साली सुरू झाला. पण उड्या मारू नका, या तलवारींची जितकी नक्कल झाली तितकी क्वचितच दुसऱ्या छापाची झाली असेल. निळी विलोची नक्षी, म्हणजे पूल, झाड, दोन पाखरं, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंत अनेक कारखान्यांनी काढली आहे. ती दिसली म्हणून वस्तू जुनी ठरत नाही.

मग भांडं उजेडासमोर धरा. मागे बोटं फिरवली तर त्यांची सावली दिसते का? दिसली तर पोर्सेलीन किंवा बोन चायना, नाही दिसली तर जाड मातीचा माल. टिचकी मारली की चांगलं पोर्सेलीन खणखणीत वाजतं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. नखाची कड काठावरून सावकाश फिरवा, डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो. स्वस्त अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाली तर अंधाऱ्या खोलीत तिच्याखाली भांडं धरा. नवीन डागडुजीचा रंग आणि चिकटद्रव्य बऱ्याचदा वेगळं चमकतं. झिलईतली कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक जाळी वेगळी, ती वयानं येते. तिनं किंमत थोडी उतरते, तड्याएवढी नाही.

बोन चायनाबद्दल गुजरातेत एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागते. त्यात जनावराच्या हाडांची राख असते, चांगल्या मालात जवळपास निम्मी. वैष्णव किंवा जैन घरातलं गिऱ्हाईक हे कळल्यावर मागे सरतं, आणि विकून झाल्यावर कळलं तर भांडण येतं. आधीच सांगा. माइसेन किंवा फ्रान्समधल्या लिमोजचं पोर्सेलीन कॅओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचं, त्यात हाडं नसतात. हाही विक्रीचा मुद्दाच.

"सरकारवाड्यातून मिळालेली"

सरकारवाडा म्हणजे गायकवाडांचा जुना राजवाडा. बडोद्यात ही गोष्ट प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकू येते. खरीही असू शकते, पण घेणारा गोष्टीला पैसे देत नाही, पुराव्याला देतो. भांड्यावर संस्थानचं चिन्ह आणि 'जीन घर जीन तख्त' हे ब्रीद असेल तर बाब निराळी. नसेल तर आजोबांचं नेमणूकपत्र, एखादी पावती, जुन्या फोटोत मागच्या कपाटात दिसणारा तोच सेट, असं काही शोधा. ट्रंकेतले कागद रद्दीवाल्याकडे जायच्या आत बघा. भांड्यांपेक्षा कागदांना जास्त मोल येईल अशीही घरं आहेत.

कमाटी बागेतल्या संग्रहालयात युरोप, चीन, जपानच्या वस्तूंची दालनं आहेत. आपल्या वस्तूशी काही जुळतं का ते तिथे एकदा बघून यावं. संग्रहालय बाजारभाव सांगत नाही, तशी अपेक्षा घेऊन जाऊ नये. महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, ओळख पटवायला तिथे विचारून पाहायला हरकत नाही.

कायदा आणि अमेरिकेतला भाचा

१९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. तेव्हा "मामा, इथे ईबेवर पाचशे डॉलरला जातंय, मी येताना बॅगेत घेऊन जातो" म्हणणाऱ्या भाच्याला आवरा. वस्तू शंभरच्या आतली असेल आणि बाहेर न्यायचीच असेल तर ती पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावं, त्यांचं मंडळ कार्यालय बडोद्यातच आहे.

देशातल्या देशात घरची वस्तू विकायला बंदी नाही. पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला मात्र परवाना लागतो. घेणाऱ्याला तो आहे का विचारा. त्याच्या उत्तरावरून माणूसही कळतो.

किंमत ठरवताना

इंटरनेटवर मागितलेली किंमत बघून खूष होऊ नका. कुणीही कपबशीला लाख रुपये मागू शकतो. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी बघता येते, ती बघा. तीही परदेशातली असेल तर तिथला भाव इथे लागू पडत नाही, कारण आपला जुना माल तिथे जाऊच शकत नाही.

दुकानदार जो भाव देईल तो त्याच्या विक्रीच्या भावापेक्षा पुष्कळ कमी असणार. त्याला भाडं आहे, आणि ती किटली त्याच्याकडे वर्षभर पडून राहू शकते. यात लबाडी नाही. पण "मावशी, सेट पूर्ण नाही, याचं काय देणार?" असं म्हणत तो अख्ख्या कपाटाचा एकच आकडा सांगू लागला तर थांबा. त्याला त्यातली एकच वस्तू हवी असते. प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव विचारा. ज्या वस्तूचा भाव सांगायला तो कुरकुरेल तीच नीट तपासा. पहिल्या भेटीत काही देऊ नका, निदान दोघांना दाखवा.

कुठे विकायचं हे मालावर आहे. खरोखर महत्त्वाचं, पुराव्यासह असलेलं काही निघालं तर मुंबईतल्या सॅफ्रनआर्ट किंवा पुंडोल्ससारख्या लिलावगृहांना फोटो पाठवा. ती निवडकच घेतात. दलाली, विमा, फोटोंचा खर्च आणि वस्तू न विकली गेल्यास काय, हे करारात वाचा. मधल्या मालासाठी मुंबईचा चोर बाजार आहे, मटण स्ट्रीटवरचे जुने दुकानदार. सुट्या कपबश्या, एकेकट्या प्लेटा, बरण्या यांना कॅफेवाले, फोटोग्राफर, नाटक-सिनेमाचं सामान पुरवणारे गिऱ्हाईक असतात, आणि ते ऑनलाइन जाहिरातीवरून येतात.

जाहिरात, पैसे, बांधाबांध

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, साध्या गडद कापडावर. एक समोरून, एक बुडाचा, एक प्रत्येक खोटीचा. शेजारी मोजपट्टी ठेवा. मजकुरात व्यास सेंटिमीटरमध्ये, नगांची संख्या, टवके आणि तडे कुठे आहेत, हे सगळं लिहा. वापरायला घेणाऱ्याला हेही सांगा की जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यात लोणचं किंवा आंबट काही ठेवू नये.

लगेच होकार देऊन, वस्तू न बघता, "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणारा चोर असतो, स्वतःला फौजी म्हणवत असला तरी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. मोठी रक्कम असेल तर करासाठी सीएला आधी विचारा, कारण घरगुती वापराची वस्तू आणि कलावस्तू यांना वेगळे नियम आहेत.

पाठवायचं असेल तर प्लेटा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, मध्ये फोमचे तुकडे. किटलीचं झाकण वेगळं गुंडाळा, पोटात कागद भरा, आणि एका खोक्यात दुसरं खोकं घालून मधली जागा गच्च भरा. सोनेरी काठाला वर्तमानपत्र थेट लागू देऊ नका, शाई उतरते. कुरिअरचा विमा घेण्याआधी त्यांच्या अटी वाचा. काच आणि चिनी माती बऱ्याच ठिकाणी भरपाईतून वगळलेली असते. तशी अट दिसली तर गिऱ्हाइकालाच येऊन घेऊन जायला सांगा, आणि निघण्याआधी त्याच्यासमोर एकेक नग मोजून, फोटो काढून, पावतीवर त्याची सही घ्या.