कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये जायचंय? कॉलेजातच हे सुरू करा

बऱ्याच मुली विचारतात की पीआर किंवा कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये, म्हणजे कंपनीची माहिती पत्रकारांपर्यंत आणि लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामात, यायचं तर काय करू. डिग्रीचं टेन्शन घेऊ नका, मास मीडिया असो, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधलं जर्नलिझम असो नाहीतर साधं बीकॉम, सगळं चालतं. उलट कॉमर्सवालीला फायदाच, कारण इथे कंपनीचे आकडे वाचता यावे लागतात आणि मीडियावाल्या मुली नेमक्या तिथेच अडकतात.

म्हणून सेकंड इयरलाच एक लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी पकडा, बीएसई या शेअर बाजाराच्या साइटवरून तिचा अ‍ॅन्युअल रिपोर्ट डाउनलोड करा, फुकट असतो, त्यातलं मॅनेजमेंट डिस्कशन (धंदा कसा चाललाय हे कंपनी स्वतः सांगते तो भाग) वाचा आणि त्यावर दोनशे शब्दांची प्रेस नोट लिहा. मग तीच मराठीत, पण भाषांतर नको, नव्याने लिहा. नाशिक-कोल्हापूरच्या वार्ताहराला कंपनी किती मोठी यात रस नसतो, त्याला प्लांट कुठल्या तालुक्यात येतोय, नोकऱ्या किती, पाणी कुठून घेणार हे हवं असतं, ते पहिल्या दोन ओळींत नसेल तर नोट बाजूला पडते. अशी मराठी लिहिणारी माणसं फार कमी आहेत, खरंच सांगते, आपल्या मुलींनी ही जागा सोडू नये.

पहिली नोकरी शक्यतो पीआर एजन्सीत घ्या, म्हणजे अनेक कंपन्यांसाठी हे काम करणाऱ्या फर्ममध्ये. धावपळ खूप होते, पण एकाच वेळी बँक, औषधं, बिल्डर असे वेगवेगळे क्लायंट हाताळायला मिळतात.

कंपनीत गेल्यावर रिझल्टचा, म्हणजे नफा-तोट्याचे आकडे जाहीर होण्याचा दिवस महत्त्वाचा. बोर्ड मीटिंग बाजाराच्या वेळेत संपली तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाने ३० मिनिटांत एक्स्चेंजला (शेअर बाजाराला) कळवावं लागतं, आणि आधी एक्स्चेंज, मगच पत्रकार, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही. तुमची नोट आदल्या दिवशीच तयार असते म्हणजे आकडे तुम्हाला माहीत असतात, तेव्हा घरी नवऱ्याला, भावालासुद्धा बोलायचं नाही, त्यावर कोणी शेअर घेतले तर इनसायडर ट्रेडिंगमध्ये, म्हणजे आतल्या माहितीवर शेअरचा व्यवहार केल्याच्या गुन्ह्यात, तुम्हीही अडकता.

आणि ऑफर घेताना लाजू नका, मॅटर्निटी लीव्हचं विचारा. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. परत आल्यावर तेच काम मिळणार का, हेही तेव्हाच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.