कॉलऱ्याच्या जनुकांचा नकाशा खालून वर काढा

गेली बावीस वर्षं मी एम.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आहे. कॉलऱ्याचा जिवाणू आपली रोगकारक जनुकं कशी चालू-बंद करतो, हा धडा आला की मुलं या जनुकांवर हुकमत चालवणाऱ्या प्रथिनांची नावं घोकायला बसतात. टॉक्सआर, टॉक्सएस, टीसीपी-पी, टीसीपी-एच, टॉक्सटी. आठवड्याभरात सगळं विसरतात. म्हणून मी प्रत्येकाला एक नकाशा काढायला लावते. तो कसा काढायचा ते सांगते.

मोठा कोरा कागद, शिसपेन्सिल, खोडरबर आणि लाल-हिरव्या रंगपेन्सिली घ्या. हिरवा बाण म्हणजे 'चालू कर', लाल रेघ म्हणजे 'थांब'. पेनने काढू नका, खोडावं लागणारच आहे.

सुरुवात कागदाच्या तळापासून करा. तळाशी दोन चौकोन काढा. पहिला सीटीएक्सचा, म्हणजे विषाच्या जनुकांचा. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्याहून दाखवून दिलं की जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रवही सशाच्या आतड्यात पाणी साठवतो. रोग करतं ते हे विष. आतड्याच्या पेशीत ते सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि त्याच्यामागे पाणी. दुसरा चौकोन टीसीपीचा. जिवाणूच्या अंगावरच्या या केसांसारख्या तंतूंशिवाय त्याला आतड्यात वस्ती करता येत नाही.

आता या दोन चौकोनांमध्ये एक बारीक रेघ ओढा. विषाची जनुकं या जिवाणूची मूळची नाहीत, एका विषाणूने ती आणली. तो विषाणू आत शिरतो तो याच तंतूंना धरून. वाल्डोर आणि मेकालानोस यांनी हे १९९६ साली दाखवलं. परीक्षेत याला फारसे गुण नाहीत, तरी मी ही रेघ सोडू देत नाही. विष आणि तंतू एकाच हुकमाखाली का असावेत, हा प्रश्न मुलांना तिथेच पडतो.

यापुढे प्रत्येक पायरीवर एकच विचारायचं: याला हुकूम कोण देतं?

दोन्ही चौकोनांच्या वर टॉक्सटी लिहा आणि दोघांकडे हिरवे बाण काढा. बाजूला एच-एनएस लिहून लाल रेघा ओढा. हे प्रथिन डीएनएवर बसून ही जनुकं दाबून धरतं आणि टॉक्सटीला त्याच्यावर मात करावी लागते.

टॉक्सटीच्या वर टॉक्सआर आणि टीसीपी-पी येतात. दोघंही जिवाणूच्या आतल्या पटलात रुतलेले असतात आणि तिथूनच डीएनएला धरतात. टॉक्सएस आणि टीसीपी-एच हे त्यांचे जोडीदार.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. माझ्या जुन्या वहीत टॉक्सआरपासून थेट विषाच्या जनुकावर बाण होता आणि पहिली काही वर्षं मी तसंच शिकवलं. त्या बाणामागे कारण होतं. १९८४ साली टॉक्सआर सापडला तो ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूत त्याचं जनुक घालून पाहताना, आणि तिथे तो एकटाच विषाचं जनुक चालू करत होता. मधला टॉक्सटी १९९१ साली पुढे आला. एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलं, "मॅडम, मग टॉक्सटी कशाला हवा?" त्या रात्री मी वही दुरुस्त केली. टॉक्सआरला एक वेगळी फांदी मात्र द्याच: बाहेरच्या पटलातल्या दोन प्रथिनांपैकी ओम्प-यूकडे हिरवी, ओम्प-टीकडे लाल. ती टॉक्सटीतून जात नाही.

टीसीपी-पीच्या वर ॲफए आणि ॲफबी ही आणखी दोन हुकूम देणारी प्रथिनं, दोन्ही हिरवे. ॲफएच्या वर त्याला थांबवणारं हॅपआर हे प्रथिन, लाल रेघेने. इथे थांबा, नकाशातली सगळ्यात सुंदर जागा हीच. जिवाणू विरळ असताना चार छोटे आरएनए हॅपआर तयार होऊ देत नाहीत, म्हणून ॲफए मोकळा आणि रोगाची जनुकं चालू. गर्दी वाढली की जिवाणूंनी सोडलेले रासायनिक संकेत साठतात, हॅपआर वाढतो आणि हुकूम मागे घेतला जातो. बरेच जिवाणू गर्दी झाल्यावर हल्ला करतात. हा गर्दी झाल्यावर आवरतं घेतो, आणि हॅपआरच्याच हुकमाने सुटून बाहेर पडायला मदत करणारं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, बनवतो. त्याला पुन्हा पाण्यात जायचं असतं.

शेवटी समासात आतड्यातली परिस्थिती लिहा. पित्तातली असंतृप्त मेदाम्लं टॉक्सटीला अडवतात. २०१० साली टॉक्सटीची रचना उलगडली तेव्हा त्याच्या पोटातच १६ कार्बनचं असं एक मेदाम्ल बसलेलं सापडलं. उलट बायकार्बोनेट त्याला जोर देतं. मग आतड्याच्या पोकळीत आणि भिंतीलगत काय काय होईल, ते मुलांनी स्वतः बाण काढून सांगायचं.

नकाशा झाला की तो पालथा घाला आणि हॅपआर खोडल्यास काय होईल ते लिहा. उत्तर: गर्दीतही ॲफए चालूच राहील. हे जमलं की शोधनिबंध वाचायला घ्या, पण आधी जिवाणूचा वाण, म्हणजे उपप्रकार, कुठला ते बघा. २००० साली ज्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, त्या एन१६९६१ या एल टोर वाणात हॅपआरचं जनुकच बिघडलेलं आहे. त्याच्यावरचे निष्कर्ष या नकाशावर ठेवताना हॅपआरची लाल रेघ पुसून मगच ताडून बघा.