व्हॅनच्या मागच्या सीटचे पट्टे पुन्हा चालू केले : माझा अनुभव

आमची सात आसनी व्हॅन पंधरा वर्षांची झाली. आईबाबा, आम्ही दोघं आणि मुलं तिच्यात आरामात मावतो, म्हणून विकवत नाही. साताऱ्याला निघताना धाकटीनं विचारलं, "बाबा, माझा पट्टा कुठंय?" मागचे सगळे पट्टे सीटकव्हरखाली गाडले गेले होते. फार वाईट वाटलं.

कव्हरं काढली. बकलांमधला बिस्किटांचा चुरा हवा मारून साफ केला. एक पट्टा मात्र ओढला की अडकायचा. मी तेल सोडणार, तेवढ्यात मेकॅनिककाकांनी हात धरला. पट्टा गुंडाळणाऱ्या पेटीत एक गोळी असते. जोरात ब्रेक लागला किंवा गाडी कलली की ती पट्टा लॉक करते. पत्र्याच्या कामानंतर आमची पेटीच तिरकी बसवलेली होती. सरळ केल्याबरोबर पट्टा मोकळा! पेटी बसवायचा बोल्टही साधा चालत नाही, मूळ मापाचा आणि ताकदीचाच लागतो.

दुसऱ्या पट्ट्याची कड उसवली होती. तो शिवून न घेता नवाच बसवला. तिथं पैसे वाचवू नयेत.

धाकटीच्या मानेवर पट्टा यायचा, तिला उंच बसवणारी बूस्टर सीट घेतली. आईला पोटावर टोचायचा. खाली कमरेच्या हाडांवर घेतल्यावर तिची तक्रार गेली. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना नेलं तर १००० रुपये दंड आहे, पण मला भीती दंडाची नव्हती.

आता सहा वेळा 'खट्' ऐकू आल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही.